फौजीच्या माघारी

माजी सैनिकांच्या दवाखान्यात बाकावर सगळ्यात जास्त वेळ बसलेली असते ती माजी सैनिकाची बायको. नवरा कधी सोबत असतो, पुष्कळदा नसतोच. तो जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली असतात. फौजी लवकर पेन्शनवर येतो, शिपाई असेल तर पस्तिशी-चाळिशीतच. तेव्हा त्याला दवाखान्याची फारशी गरज नसते. गुडघे, साखर, बीपी, मोतीबिंदू, खुब्याचं हाड ही सगळी दुखणी नंतरची, आणि ती बाईच्या वाट्याला येतात तेव्हा बहुतेक वेळा ती एकटी असते. पॉलिक्लिनिकच्या रजिस्टरमध्ये रुग्णाच्या नावापुढे ‘नातं’ असा रकाना असतो. त्यात ‘पत्नी’ आणि ‘विधवा’ लिहून लिहून माझा हात बसला.

मी आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट. गाव माहूर तालुक्यातलं, वाई बाजारच्या बाजूचं. घरी कापूस-तुरीची कोरडवाहू शेती. लखनौच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, पुढे युनिटांच्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यात, आणि मिलिटरी हॉस्पिटलांच्या वॉर्डांत नोकरी गेली. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि पुण्यात ईसीएचएसच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये करारावर लागलो. आईचं वय झालं तेव्हा माहूरला परतलो. आता तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या घरची कार्डं, रेफरल आणि बिलं बघतो. हे काम पगारी नाही. बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने टेबल टाकायला जागा दिली आहे, तिथे बसतो.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ ला ती सुरू झाली. त्याआधी पेन्शनवर आलेला जवान मिलिटरी हॉस्पिटलात जाऊ शकत होता, पण नोकरीतल्या जवानांचं भागून जागा उरली तर. जिथे छावणी नाही तिथल्या माणसाला तेवढाही आधार नव्हता. नव्या योजनेने देशभर पॉलिक्लिनिक उभ्या केल्या. आज त्या सव्वाचारशेच्या वर आहेत आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं सुमारे ६० लाख. वर्गणी एकदाच भरायची. २०१७ च्या अखेरीपासूनचा दर शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. १ जानेवारी १९९६ च्या आधी पेन्शनवर आलेल्यांना ती माफ आहे. आधी पॉलिक्लिनिकचे मेडिकल ऑफिसर तपासतात, औषधं तिथल्याच खिडकीवर मिळतात, आणि पुढचं काही लागलं तर रेफरल काढून मिलिटरी हॉस्पिटलात किंवा यादीवरच्या खासगी रुग्णालयात पाठवतात. बिल सरकार भरतं, आणि त्याला वरची मर्यादा नाही. डायलिसिस असो, कॅन्सर असो, बायपास असो. गरीब घरातल्या माणसाला असा शब्द देणाऱ्या योजना आपल्या देशात थोड्या आहेत. तक्रारी मी पुढे सांगणार आहे, पण या एका गोष्टीसाठी मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे.

पुण्यात तिचं रूप मी जवळून पाहिलं. पुण्यात माजी सैनिक आजारी पडला तर एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं असतं. वानवडीला कमांड हॉस्पिटल, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी लष्कराची वेगळी संस्था, पाय गमावलेल्यांसाठी १९४४ पासून चाललेलं कृत्रिम अवयव केंद्र, मणका मोडलेल्यांसाठी खडकीचं केंद्र. शिवाय यादीवरची खासगी रुग्णालयं. सकाळी दार उघडायच्या आधी रांग लागायची. सातारा-सांगलीकडून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या घरांतल्या बायका त्या रांगेत उभ्या राहायच्या आणि काय मागायचं हे त्यांना पाठ असायचं. एक काकू फाइलला रंगीत कागदांच्या पट्ट्या लावून आणायच्या: निळी हृदयाची, पिवळी डोळ्यांची. खिडकीवर औषध नसलं की त्या स्वतःच सांगायच्या, “एनएचा शिक्का मारून द्या, बाहेरून घेते, बिल लावते.” नवरा शिपाई होता, एका चकमकीत गेला. शाळा सातवीपर्यंत झालेली. हे सगळं त्यांना शिकवलं कोणी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आळीत सगळीकडे फौजीच. बायका बायकांना सांगतात.”

हे उत्तर माझ्या मनात राहिलं, कारण माहूरला परतल्यावर नेमकी तीच गोष्ट नसल्याचं दिसलं. साताऱ्याकडे अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे घरटी माणूस फौजेत. आमच्याकडे तसं नाही. एका तांड्यात एक, एका गोंडवस्तीत एक, दोन-तीन गावं सोडून बौद्धवाड्यातला कोणी महार रेजिमेंटचा. सागरच्या सेंटरला ट्रेनिंग घेतलेले म्हातारे आमच्या तालुक्यात आहेत, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे आहेत, तोफखान्याचे आहेत; पण एकाचं घर दुसऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब. मध्ये सागाचं जंगल आणि घाट. शेजारणीला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. गाव त्या माणसाला कौतुकाने ‘मेजर’ म्हणतं, १५ ऑगस्टला झेंड्यापाशी पुढे उभं करतं. तो गेला की त्याच्या घरी कोणता हक्क मागे राहिला हे सांगणारं गावात कोणी नसतं.

अंतराचं तर विचारूच नका. दवाखान्यासाठी माहूरहून नांदेड गाठायचं तर ते सव्वाशे किलोमीटरच्या घरात. किनवटपर्यंत एसटीने किंवा जीपने जायचं, पुढे नंदीग्राम एक्स्प्रेसची वेळ साधायची. यवतमाळची बाजू जवळची, पण त्या वाटेवर पैनगंगा आहे आणि पावसाळ्यात मोठा पूर आला की धनोड्याच्या पुलावरची वाहतूक थांबते. पुण्यात औषध आज नाही, दोन दिवसांनी या, असं सांगितलं तर माणूस कुरकुरतो आणि दोन दिवसांनी येतो. आमच्याकडच्या सत्तरीच्या बाईला हेच वाक्य सांगणं म्हणजे औषध बंद करणंच. ती पुन्हा येत नाही. पदरचे पैसे घालून जवळच्या मेडिकलमधून चार दिवसांच्या गोळ्या घेते, त्या संपल्या की थांबते. बीपीच्या गोळ्या अशा मध्येच सुटल्याने लकवा झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ते आजारपण टळण्यासारखं होतं हे कळत असल्यामुळे मला त्याचा फार त्रास होतो.

आता वैद्यकीय भत्त्याच्या हजार रुपयांबद्दल सांगतो. माहूरसारख्या ठिकाणी सगळा प्रश्न तिथेच अडतो.

१ एप्रिल २००३ च्या आधी पेन्शनवर आलेल्यांपैकी ज्यांनी ईसीएचएसचं कार्ड काढलेलं नाही त्यांना पेन्शनसोबत महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. कार्ड काढलं की तो बंद होतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. पुण्यात राहणाऱ्याला यात विचार करण्यासारखं काही नाही, तो कार्डच काढेल. पण दवाखाना इतका लांब असताना आमच्या माणसाने काय करावं? वर्षाचे १२,००० रुपये हातचे सोडायचे, आणि ज्या दवाखान्याला जाऊन यायला दिवस जातो त्याचं कार्ड घ्यायचं? म्हातारे फौजी मला हे विचारतात तेव्हा त्यांचा हिशेब चुकीचा नसतो. मी तरीही कार्ड काढायलाच सांगतो. हजार रुपयांत महिन्याच्या गोळ्या येतात, खुब्याचं ऑपरेशन येत नाही. आणि आमच्याकडे शेतं विकली जातात ती ऑपरेशनपायी.

महार रेजिमेंटमधून ऐंशीच्या दशकात पेन्शनवर आलेल्या एका जवानाची बायको अशीच माझ्याकडे आली. खरं तर तिची मुलगी तिला घेऊन आली. मुलगी पुसदकडे दिलेली. जवान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याने कार्ड काढलंच नव्हतं, कारण त्याला कधी तापसुद्धा आला नाही, असं आजी सांगत होती. वर्गणी माफ होती, म्हणजे एक रुपया भरायचा नव्हता. मी फॉर्म काढला तर आजी म्हणाली, “थांब बापू. पोराला इचारा लागंल.”

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. वाईट माणूस नव्हता. दोन एकर शेती, दोन मुलं शिकणारी. म्हणाला, “काका, मायचा पगार आला की त्यातून किराणा येतो. हजार कमी करून कसं भागंल? माय तर धडधाकट हाय. कामून काढायचं कार्ड?” मी त्याला बराच वेळ समजावलं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की भांडण कशाचं आहे. तो हजार घरात सगळ्यांना लागत होता. कार्ड फक्त तिला लागणार होतं. पेन्शन तिच्या नावावर येत असली तरी पासबुक तिच्याकडे नव्हतं, आणि घरात सगळ्यांना लागणाऱ्या पैशासमोर एका म्हाताऱ्या बाईची गरज नेहमीच मागे पडते. पुण्यात ज्या बायकांना मी रांगेत उभ्या बघत होतो त्या ही पायरी ओलांडून आलेल्या होत्या. न ओलांडलेल्या मला तिथे दिसणारच नव्हत्या.

शेवटी मुलीने रेटलं. तिने भावाला सांगितलं, हजारातले पाचशे मी दर महिन्याला पाठवते, पण मायचं कार्ड निघालं पाहिजे. फॉर्म भरायला घेतला आणि दुसरी अडचण उभी राहिली. आजीचं नाव आधारकार्डावर एक, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, दुसरं. पन्नास वर्षांपूर्वी लांबच्या रेकॉर्ड ऑफिसात कोणा कारकुनाने तिच्या नावापुढे ‘देवी’ जोडलं होतं, त्याच्या मुलखातल्या रिवाजाप्रमाणे. जन्मतारीखही वेगळी. अशी प्रकरणं माझ्या टेबलावर इतकी येतात की मला आता आश्चर्य वाटत नाही. नोकरीत असताना जवानाने युनिटच्या कार्यालयात एक अर्ज दिला तर बायकोचं नाव पार्ट टू ऑर्डरने दुरुस्त होतं, वेळही फार लागत नाही. तो गेल्यानंतर तेच काम बाईला करावं लागतं: प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, रेकॉर्ड ऑफिसला टपाल, मग वाट पाहणं. आजीचं कार्ड हातात यायला वर्षाच्या वर गेलं.

कार्ड आल्यावर पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलाचा फोन रात्री आला. त्याने तिला जीपने शहरात नेलं होतं, रुग्णालय यादीवरचं होतं, तरी तिथे आधी पन्नास हजार जमा करा म्हणत होते. योजनेची बिलं थकतात, त्यामुळे खासगी रुग्णालयं हात आखडतात, हे मी पुण्यातही पाहिलं होतं. थकबाकी वाढली की काही ठिकाणी दारात ‘ईसीएचएस तात्पुरते बंद’ असा कागद लागतो. त्यांचीही बाजू आहे. पण कार्डधारकाकडून अनामत मागायची नाही हा करार आहे. मी तिथल्या माणसाशी फोनवर बोललो, पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना उठवलं, त्यांनी रुग्णालयाला फोन केला. ते निवृत्त कर्नल. रात्री अकराला त्यांनी माझं ऐकून घेतलं याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ऑपरेशन झालं. शिपायाच्या कुटुंबाला जनरल वॉर्ड, सुभेदाराच्या कुटुंबाला त्यावरचा, अधिकाऱ्याच्या कुटुंबाला खासगी खोली अशी विभागणी आहे, तेव्हा आजी जनरल वॉर्डात होती. तिथून घरी आली ती वॉकर धरून. मुलाने शेत विकलं नाही. तो आता माझ्याकडे दुसऱ्यांना घेऊन येतो.

तातडीच्या वेळचा नियम मी प्रत्येक घरात तोंडपाठ करून घेतो, कारण आमच्या भागात यादीवरचं रुग्णालय जवळ नाही आणि छातीत कळ आलेला माणूस यादी बघत बसू शकत नाही. जीव धोक्यात असेल तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात दाखल करा. मात्र दोन दिवसांच्या आत आपल्या पॉलिक्लिनिकला कळवा, आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. डिस्चार्ज कार्ड, सगळी मूळ बिलं, तातडीचं प्रमाणपत्र जपून आणा. पैसे सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, दराने परत मिळतात. रुग्णालयाने त्याहून जास्त लावले असतील तर वरचे आपले जातात. दारामागे खडूने पॉलिक्लिनिकचा नंबर लिहून ठेवलेली घरं आता मला दिसतात. मोबाइल हरवतो, दार हरवत नाही, असं एका सुनेने मला सांगितलं. ही सूचनाही तिचीच.

एक काम मला फार जड जातं. आमच्या बंजारा तांड्यांतली कितीतरी मुलं सीआरपीएफमध्ये आहेत; मुदखेडला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरलाही आहे. त्या घरांतल्या बायकाही टेबलापाशी येतात. वर्दी तीच, धोका तोच, कधी कधी जास्तच. पण ईसीएचएस सेना, नौदल आणि हवाई दलाच्या निवृत्तांची. सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली, त्यांची व्यवस्था वेगळी. नक्षल भागात नवरा गमावलेल्या बाईला हे समजावताना माझी जीभ अडखळते. मी तिला तिच्या ग्रुप सेंटरचा पत्ता काढून देतो, अर्ज लिहून देतो. ‘हे आमचं नाही’ एवढं सांगून मी अजून कोणाला परत पाठवलेलं नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची सोय सुरू झाली. किनवटमध्ये किंवा माहूरच्या बाजारपेठेत ती चालते, घाटाखालच्या वाड्यांत रेंज नसते. मी काही बायकांना टेबलापाशी बसवून माझ्या फोनवरून ती वापरली. एका काकूंनी पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंना आधी हात जोडले, मग दंडावरची गाठ उघडून दाखवली. आमच्याकडे बायका पुरुष डॉक्टरसमोर असं काही बोलतच नाहीत, त्यामुळे ती गाठ चार वर्षं लपून राहिली होती. सुदैवाने साधी निघाली. पण मला त्यातून कळलं ते हे की पॉलिक्लिनिकमध्ये बाई डॉक्टर असणं ही आमच्याकडे चैन नाही. डॉक्टर करारावर, वर्षावर्षाने मुदतवाढ, त्यामुळे आडवळणाच्या ठिकाणी ते टिकत नाहीत; त्यात बाई डॉक्टर मिळणं आणखी अवघड. बाई डॉक्टर नसेल तर रजिस्टरमध्ये ‘गुडघेदुखी’ लिहिलं जातं आणि खरं दुखणं घरी परत जातं.

काय व्हायला हवं, हे आम्ही लिहून वर पाठवलं आहे. योजनेत काही ठिकाणी फिरते दवाखाने आहेत. तसा एक महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, माहूरला यावा; रेणुकामातेच्या दर्शनाला आणि बाजाराला तसाही सगळा तालुका येतो. त्यात एक बाई डॉक्टर असावी, आणि महिन्याऐवजी तीन महिन्यांची औषधं द्यायची मुभा असावी. दुसरी मागणी पैशाची नाही. जवान पेन्शनवर येतो त्या दिवशी त्याच्या बायकोला युनिटमध्ये बोलवावं, तिचं नाव, जन्मतारीख, फोटो तिच्यासमोर तपासावेत आणि कार्ड तिच्या हातात द्यावं. आज ते सगळं जवानाच्या हातात पडतं, आणि तो ते पेटीत ठेवून देतो.

उत्तर येईल तेव्हा येईल. सुट्टीवर आलेल्या आमच्या मुलांना मी गाठतो आणि विचारतो, घरातल्या बाईचं नाव रेकॉर्डला काय आहे ते पाहिलंस का? निम्म्या जणांनी पाहिलेलं नसतं. दोघे-तिघे तर माझ्यासमोर युनिटच्या क्लार्कला फोन लावतात आणि चूक तिथल्या तिथे सापडते. परवाच एका नाईकच्या बायकोची जन्मतारीख अशी सापडली की कागदोपत्री ती आपल्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. अर्ज लगेच लिहिला. तो ड्यूटीवर परतताना सोबत घेऊन गेला.

टेबल बसस्टँडजवळच आहे, सकाळी दहापासून. येताना पीपीओची झेरॉक्स, आधार, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो आणावेत. फौजी येणार असेल तर त्याने बायकोला सोबत आणावं, तिच्याशिवाय मी फॉर्म भरत नाही.